तांदळाला ‘साइज’ अन् घोंगडीला ‘पॉलिश’? वेबसाइटवर मालाची माहिती दाखवायची कशी

या आठवड्याच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर आले, म्हणून तेवढंच इथे सविस्तर लिहितोय. प्रश्न साधा आहे. दुकानात चार तऱ्हेचा माल आहे आणि प्रत्येकाची माहिती वेगळी आहे. वेबसाइटवर ती एकाच पानाच्या साच्यात बसवायची कशी?

आधी गडबड कुठे होते ते बघा. समजा संगमनेरला तुमचं छोटं दुकान आहे. अकोल्याकडचा इंद्रायणी तांदूळ, जामखेडची ज्वारी, मध आणि घोंगडी असा माल तुम्ही विकता. डेव्हलपर येतो, आपल्या नेहमीच्या फॉर्ममध्ये रंग, साइज, मटेरियल आणि वजन असे चार रकाने करतो. कपड्याच्या दुकानासाठी बनवलेलाच फॉर्म असतो तो. मग तांदळाच्या पानावर दिसतं, ‘साइज: लागू नाही, मटेरियल: लागू नाही’. मधाच्या पानावर रंग ‘सोनेरी’ येतो, पण मध कोणत्या फुलोऱ्याचा, कधी काढला, याला जागाच नाही. घोंगडीचं वजन लिहिलंय, लांबी-रुंदी कुठेच नाही. गिऱ्हाईक पुण्यात बसलंय, हातात फोन आहे. त्याला घोंगडी पलंगावर पुरेल का एवढंच हवं होतं. ते नाही सापडलं की तो काही तुम्हाला फोन करत बसत नाही, सरळ पान बंद करतो.

आणि मग सुरू होतो खरा खर्च. तुम्ही डेव्हलपरला म्हणता, ‘लांबीचा रकाना वाढव की.’ तो म्हणतो, ‘डेटाबेस बदलावा लागेल, आठवडा लागेल, इतके पैसे होतील.’ पुढच्या महिन्यात तूप आणलं की परत तेच. माल तुमचा, दुकान तुमचं, आणि नवीन वस्तू मांडायला परवानगी दुसऱ्याची! ही अडचण पैशांपेक्षा मोठी आहे, कारण हळूहळू तुम्ही नवीन माल आणायचंच टाळायला लागता.

आपल्या जिल्ह्यात तर हा प्रश्न जरा जास्तच येतो. वरच्या अंगाला अकोले तालुका, कळसूबाईचं १६४६ मीटरचं शिखर, पाऊस आणि भात. खाली कर्जत, जामखेड, पाथर्डीकडे रब्बीची ज्वारी. श्रीगोंद्याचं लिंबू. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ, तिथून आलेले ज्वारीचे फुले रेवती, फुले वसुधा असे वाण. शिर्डीला येणाऱ्या भाविकांची बाजारपेठ वेगळीच. एका जिल्ह्यातला माल एका दुकानात ठेवला तरी चारही बाजूंनी वेगळा.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. अकोले तालुक्यातल्या या बाईंनी गावठी बियाणं जपलं. २०१८ मध्ये बीबीसीने जगातल्या १०० महिलांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत गेल्या नाहीत, पण प्रत्येक वाणाची माहिती त्यांच्या तोंडी. आता त्या माहितीकडे व्यापाऱ्याच्या नजरेने बघा. वालाच्या बियाबद्दल सांगायचं तर वेल किती पसरतो, शेंग कधी धरते, भाजी करायची की दाणे वाळवायचे हे सांगावं लागतं. भाताबद्दल सांगायचं तर किती दिवसांत तयार होतो, सुवास आहे का, पाणी किती लागतं. पालेभाजीचं आणखी तिसरंच. एकाच घरात, एकाच माणसाकडे ठेवलेलं बियाणं, पण प्रत्येकाला विचारायचे प्रश्न निराळे. यांना एकाच चौकोनी फॉर्मात कोंबलं तर काळभात आणि घेवडा यांच्यात फरक राहतो तो फक्त किमतीचा. तुमच्या गावठी मालाला जो जास्तीचा भाव मिळायचा असतो तो याच फरकाचा असतो हो! माहिती गेली की भावही गेला.

(जाता जाता एक. खायचा तांदूळ आणि पेरायचं भात यांची पानं वेगळी ठेवा आणि ‘खाण्यासाठी’ की ‘पेरणीसाठी’ हे ठळक लिहा. २००१ च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बियाणं विकायचा हक्क दिलाय, पण ब्रँड लावून ते विकायचा नाही. सुंदर पाकीट छापायच्या आधी हे माहीत असू द्या.)

तर आता मुद्द्यावर. माहिती साठवायच्या तीन पद्धती आहेत. तांत्रिक नावं मागाहून, आधी घरगुती भाषेत समजून घेऊ.

पहिली म्हणजे आखलेली वही. प्रत्येक गुणधर्माला एक उभा रकाना. माल एकाच जातीचा असेल, म्हणजे नुसत्या साड्या किंवा नुसती पादत्राणं, तर हीच पद्धत बेस्ट. शोधायला सोपी, चुका कमी. पण तांदूळ, मध, घोंगडी एकत्र आले की वही आडवी वाढत जाते आणि निम्मी रिकामी राहते.

दुसरी म्हणजे चिठ्ठ्यांचा डबा. प्रत्येक चिठ्ठीवर तीनच गोष्टी असतात, कोणती वस्तू, कोणता गुण, काय किंमत. किंमत म्हणजे रुपये नव्हे, त्या गुणाचं मूल्य. ‘घोंगडी, लांबी, ९० इंच’ ही एक चिठ्ठी. ‘मध, फुलोरा, जांभूळ’ ही दुसरी. याला एंटिटी-अॅट्रिब्यूट-व्हॅल्यू म्हणतात. मॅजेंटोसारखी मोठी दुकानं उभी करायची सॉफ्टवेअर याच पद्धतीवर बांधली गेली. कितीही नवे गुण वाढवा, रकाना लागत नाही. पण एका वस्तूचं पान दाखवायला पंधरा चिठ्ठ्या गोळा कराव्या लागतात, आणि ‘९० इंचांपेक्षा लांब आणि काळ्या रंगाच्या घोंगड्या दाखव’ म्हटलं की डबा पालथा घालावा लागतो.

तिसरी म्हणजे डब्यावर चिकटवलेलं लेबल. वस्तूच्या नोंदीतच एक मोकळी जागा ठेवायची आणि त्यात त्या वस्तूचे गुण जोड्यांनी लिहायचे. याला जेसन फील्ड म्हणतात. जॅंगो नावाचा जो मोफत वेब फ्रेमवर्क आहे, म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, त्यात ऑगस्ट २०२० च्या ३.१ आवृत्तीपासून ही सोय सगळ्या प्रमुख डेटाबेससाठी मिळते. त्याआधी फक्त पोस्टग्रेसवाल्यांना होती. लाराव्हेल वापरणाऱ्यांनाही अशीच सोय आहे, नावं तेवढी वेगळी.

माझं मत विचाराल तर शे-दोनशे वस्तूंच्या दुकानाला तिसरी पद्धत, पण एका जोडीसह. नाव, किंमत, साठा, निव्वळ वजन या गोष्टी पक्क्या रकान्यातच ठेवायच्या. बाकीचे गुण लेबलात. आणि बाजूला एक छोटी यादी करायची. गुणाचं मराठी नाव काय, एकक काय, कितव्या क्रमांकावर दाखवायचा आणि कोणत्या प्रकारच्या मालाला लागू, एवढंच त्या यादीत. या यादीशिवाय लेबल म्हणजे गोंधळ. एकजण ‘लांबी’ लिहील, दुसरा ‘लांबि’, तिसरा ‘लेंथ’. मग गिऱ्हाइकाला तीन वेगळे गुण दिसतील.

आता टेंप्लेट. टेंप्लेट म्हणजे लग्नपत्रिकेचा छापील साचा समजा. मजकूर ठरलेला, नावाच्या जागा रिकाम्या. सर्व्हर त्या जागा भरतो आणि पान गिऱ्हाइकाकडे जातं. नवशिका डेव्हलपर साच्यात प्रत्येक गुणाचं नाव हाताने लिहितो: इथे लांबी, इथे रंग, इथे पॉलिश. मग सगळा त्रास परत आलाच ना. खरी पद्धत म्हणजे फेरी. ‘या वस्तूच्या लेबलात जेवढ्या जोड्या असतील तेवढ्यांसाठी एक ओळ छाप.’ तांदळाला पाच असतील तर पाच ओळी, घोंगडीला आठ असतील तर आठ. साचा एकच. व्हिडिओत स्क्रीनवर मी एवढंच दाखवलंय, आणि बऱ्याच जणांना वाटलं की झालं काम. अजून झालेलं नाही. पुढचे खड्डे व्हिडिओत वेळेअभावी राहिले ते आता सांगतो. डेव्हलपरला हा भाग वाचायला द्या.

पहिला खड्डा क्रमाचा. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा एसक्यूलाइट असतो. तिथे लेबल जसं लिहिलं तसंच राहतं, वाण आधी, मग पॉलिश, मग जुना की नवा. सर्व्हरवर पोस्टग्रेस असतो. त्याच्या जेसनबी प्रकारात जोड्यांचा क्रम जपला जात नाही, तो स्वतःच्या सोयीने लावतो. म्हणजे डेमोत छान दिसलेलं पान दुकान सुरू झाल्यावर उलटसुलट दिसायला लागतं. घोंगडीच्या पानावर आधी धुण्याची सूचना, मग रुंदी, मग कशाची वीण, आणि लांबी तळाला. तुम्ही म्हणता डेव्हलपरने बिघडवलं, तो म्हणतो मी हातही लावला नाही. दोघंही खरं बोलताय! उपाय म्हणजे मघाची छोटी यादी. क्रम तिथून घ्यायचा, लेबलावर विसंबायचं नाही.

दुसरा खड्डा खास आपल्या मराठीवाल्यांचा. लेबलात गुणांची नावं देवनागरीत लिहिली आणि साच्यात फेरी न लावता थेट नावाने हाक मारली तर जॅंगो अडतो. गंमत अशी की ‘वजन’ चालतं, ‘रंग’ चालत नाही. कारण वजन या शब्दात काना, मात्रा, अनुस्वार काहीच नाही, तीन सुटी अक्षरं आहेत. रंगावरचा अनुस्वार साच्याच्या नियमात ‘अक्षर’ म्हणून धरला जात नाही, आणि उरलेला भाग समजला नाही अशी चूक येते. डेव्हलपर दोन दिवस डोकं खाजवतो. ‘निव्वळ वजन’ असं मध्ये मोकळी जागा सोडून लिहिलेलं नावही असंच अडतं. म्हणून आतली नावं छोट्या रोमन अक्षरांत, मोकळ्या जागेऐवजी खालची रेघ वापरून ठेवा. गिऱ्हाइकाला दिसणारं नाव यादीतून, छान मराठीत.

तिसरा जरा मजेशीर आहे. फेरी लावताना जॅंगोच्या साच्यात ‘आयटम्स’ हा शब्द वापरतात, म्हणजे ‘सगळ्या जोड्या दे’. आता दिवाळीला तुम्ही फराळाचा बॉक्स काढला आणि आत पदार्थ किती हे सांगायला लेबलात आयटम्स याच नावाने ५ लिहिलं. साचा आधी लेबलातच त्या नावाची नोंद शोधतो. सापडला ५ चा आकडा. आता आकड्यावर फेरी कशी मारणार? पान कोसळतं. तेही ऐन दिवाळीत, आणि फक्त त्याच बॉक्सचं.

चौथा मात्र तुमच्या विक्रीवर थेट येतो, म्हणून इथे नीट लक्ष द्या. रिकामे गुण दाखवू नयेत म्हणून डेव्हलपर अट घालतो, ‘मूल्य असेल तरच ओळ छाप’. बरोबर वाटतं. पण संगणकाच्या हिशोबाने शून्य म्हणजे ‘नाही’. मधाच्या लेबलात तुम्ही लिहिलंय, वरून घातलेली साखर ० ग्रॅम. तुमचा सगळ्यात मोठा विक्रीचा मुद्दा, आणि नेमकी तीच ओळ गायब! तसंच ‘हातसडी’ याचं उत्तर ‘नाही’ असेल तरी ओळ दिसायला हवी, नाहीतर गिऱ्हाईक समजतो तुम्ही लपवताय. रिकामं आणि शून्य यातला फरक डेव्हलपरला स्पष्ट सांगा. आणि हो-नाहीच्या उत्तराला पानावर इंग्रजी ट्रू-फॉल्स दिसू देऊ नका. त्यासाठी जॅंगोत ‘येसनो’ नावाचं फिल्टर तयारच आहे, त्याला ‘हो’ आणि ‘नाही’ शब्द दिले की झालं.

एवढे सगळे खड्डे चुकवायचा एकच रस्ता मला पटतो. साचा मुका ठेवायचा. क्रम लावणं, मराठी नाव जोडणं, एकक लावणं, रिकामं गाळणं हे सगळं साच्याच्या आधी, म्हणजे ज्याला जॅंगोत व्ह्यू म्हणतात तिथे करून टाकायचं. साच्याकडे फक्त तयार ओळींची यादी जावी: ‘लांबी, ९० इंच’. त्याने छापायचं, बस. एक गोष्ट मात्र साच्यातली चालू असू द्यायची. आलेला मजकूर तो आपोआप निर्धोक करून छापतो, कुणी माहितीच्या जागी भलताच कोड टाकला तरी तो चालत नाही. ‘ठळक अक्षरं येत नाहीत’ म्हणून डेव्हलपर ही सोय बंद करायला निघाला तर त्याला थांबवा. विशेषतः बचत गटाच्या दहा-बारा जणींना आपापला माल टाकायची मुभा देणार असाल तर.

आता कायद्याचं. गुणधर्म लवचिक असले तरी काही गोष्टी लवचिक नाहीत. पाकीटबंद मालासाठी २०११ चे वैधमापन नियम आहेत. तयार करणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन किंवा माप, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी संपर्क. ऑनलाइन विकताना ही माहिती पानावरही दिसावी लागते. महिना-वर्षाची नोंद पाकिटावर हवीच, पानावर नसली तरी चालते. शिवाय एककाची किंमत. एक किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमला किती, वर असेल तर किलोला किती. ५०० ग्रॅमचं पाकीट ९० रुपयांना असेल तर ग्रॅमला १८ पैसे. ही हाताने लिहायची गोष्ट नाही, किंमत भागिले वजन, संगणकाने काढावी. उद्या तुम्ही भाव ९५ केला आणि एककाची किंमत जुनीच राहिली तर पानावर दोन गोष्टी एकमेकींशी भांडणार. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांकही आला. हे सगळं लेबलाच्या मोकळ्या जागेत टाकू नका. पक्के रकाने, आणि भरल्याशिवाय वस्तू प्रसिद्धच होऊ नये अशी व्यवस्था.

पत्त्यावरून आठवलं. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. ज्यांनी प्रत्येक वस्तूच्या वर्णनात ‘जि. अहमदनगर’ हाताने लिहिलं होतं त्यांना एकेक पान उघडत बसावं लागतं. जिल्हा ही एकाच जागी ठेवलेली नोंद असेल तर एकदा बदलायचं, सगळ्या पानांवर बदलतं. पण शोधात मात्र तिन्ही नावं चालू द्या. मुंबईचा माणूस अजूनही ‘नगरची ज्वारी’ असंच टाइप करतो, आणि बोलताना आपणही ‘नगरला चाललोय’ म्हणतोच की.

आणखी एक घोळ सोडवून टाकू. गिऱ्हाईक जे निवडतो आणि जे वाचतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तांदळाचं १ किलो की ५ किलो हे तो निवडतो, त्याने किंमत बदलते, साठा बदलतो. ती वस्तूची वेगळी आवृत्ती झाली, तिला स्वतःचा साठा आणि स्वतःची किंमत हवी. तांदूळ जुना की नवा हेही तसंच, कारण दोन्हींचा भाव वेगळा असतो. पण सुवास, शिजायला लागणारा वेळ, कोणत्या गावचा, हे फक्त वाचायचं. ते लेबलात. वूकॉमर्सवर दुकान असेल तरी हाच फरक करावा लागतो, तिथे पहिल्याला व्हेरिएशन म्हणतात. हे उलटं केलं की ५ किलो संपलेलं असतं आणि ऑर्डर येत राहतात.

दिसण्याबद्दल फार बोलत नाही. पान फोनवर बघा, लॅपटॉपवर नाही. डावीकडे गुण, उजवीकडे मूल्य, दोनच रकाने. वरती पाच गुण, बाकीचे ‘आणखी माहिती’च्या बटणाखाली. वरचे पाच कोणते हे डेव्हलपरने ठरवायचं नाही. आठवडी बाजारात उभं राहून गिऱ्हाईक पहिले पाच प्रश्न कोणते विचारतं ते लिहून आणा, तेच आणि त्याच क्रमाने. तांदळाला ‘चिकट होतो का’ हा प्रश्न पहिल्या तीनात येतोच येतो, पण हा गुण मी अजून फार कमी वेबसाइटवर बघितलाय.

काम सुरू करायला महागडं काही लागत नाही. एक एक्सेल शीट घ्या. प्रत्येक प्रकारच्या मालाला एक पान. त्यात गुणाचं मराठी नाव, एकक, क्रमांक, हा गुण निवडायचा की वाचायचा, भरणं सक्तीचं की ऐच्छिक. चार प्रकारांची यादी करायला एक संध्याकाळ पुरते, घरच्यांना सोबत बसवा, आईला तुमच्यापेक्षा जास्त गुण आठवतील. हे शीट हातात घेऊनच डेव्हलपरशी बोला. कोटेशन मागताना एक ओळ लेखी घ्या: नवीन प्रकारचा माल आणि त्याचे गुण अॅडमिनमधून टाकता आले पाहिजेत, त्यासाठी वेगळे पैसे लागणार नाहीत.

काम हातात घेताना परीक्षा हुरड्याची घ्या. थंडीत हुरडा निघाला की तो विकायला टाकायचाय असं धरा. वाण फुले उत्तरा की गुळभेंडी, काढणी कोणत्या दिवशी, किती तासांत खायचा, सोबत चटणी आहे का, हे चारही गुण तुमच्या यादीत आजवर नव्हते. डेव्हलपरला शेजारी बसवा, पण माउस तुमच्या हातात ठेवा. हुरडा हा नवा प्रकार करा, गुण भरा, चटणीला ‘नाही’ निवडा, सेव्ह करा आणि फोनवर पान उघडा. चारही ओळी तुम्ही लावलेल्या क्रमाने मराठीत दिसल्या आणि चटणीसमोर ‘नाही’ आलं, तरच शेवटचा हप्ता द्या.